चौथ्या रांगेतल्या मॅडम

"मंडळी, मागच्या सीटवरचे काका आत्तापासूनच घोरायला लागलेत. त्यांना कृपा करून कोणी उठवू नका. आपला मुक्काम जंगलात आहे, असा एक आवाज सोबत असलेला बरा. मोठी जनावरं बिचकून लांब राहतात."

अख्खी बस हसली. काका जागे झाले, काय झालं ते शेजाऱ्याला विचारून घेतलं आणि मग तेही हसले. मी चौथ्या रांगेत खिडकीपाशी पर्स पोटाशी धरून बसले होते आणि ड्रायव्हरशेजारी उभं राहून माईकवर बोलणाऱ्या त्या माणसाकडे आ वासून बघत होते. तो माणूस माझा नवरा होता. त्याला इतकं बोलता येतं हे मला आत्ता, मुलगी लग्नाची झाल्यावर कळत होतं.

घरी ह्यांचं बोलणं म्हणजे 'हं', 'ठेव' आणि 'बघू'. टूर संपवून आले की अंघोळ, जेवण आणि पंख्याकडे बघत पडून राहणं. "कशी झाली टूर?" "झाली." "काय काय बघितलंत?" "नेहमीचंच." मला बोलायची दांडगी हौस. माझं शिवणाचं छोटं दुकान आहे. पँटी आखूड करायच्या, चेन बदलायची, सुटलेलं माणूस जुन्या शर्टात बसवायचं. लोक कपडे देताना घरातली सगळी रामकहाणी सांगून जातात आणि मी ती संध्याकाळी ह्यांना सांगते. हे ऐकून घेतात, नाही असं नाही. पण उलट काही येत नाही. माणूसच अबोल, असं मी केव्हाच मनाशी ठरवून टाकलं होतं. भिंतीशी संसार केला गं, असं मैत्रिणींना चेष्टेत म्हणायचेसुद्धा. आणि आता ती भिंत माईक धरून बसभर माणसांना खदाखदा हसवत होती.

मला हसू येत होतं आणि रागही येत होता. राग जास्त. एवढा साठा होता तर घरी एखादा शब्द आणायला काय झालं होतं?

मी त्या बसमध्ये कशी, तेही सांगते. ही टूर मला मुलीने भेट दिली होती. जंगल, नदी, मुखवटे कोरणाऱ्या कारागिरांचं गाव, सगळं त्यात होतं. तिने मुद्दाम अशी निवडली की तिच्यावर दुसराच गाईड असेल. कारण ह्यांच्या ऑफिसचा नियम कडक. गाईडच्या घरच्यांनी त्याच्याच टूरवर यायचं नाही. पूर्वी एका गाईडने आपल्या सासऱ्यांना पहिल्या रांगेत बसवलं होतं आणि हत्ती दिसला की आधी त्यांना उठवून दाखवला होता, त्यावरून बरीच बोंबाबोंब झाली होती म्हणे. पण तो दुसरा गाईड ऐन वेळी जिन्यावरून घसरला, पाय प्लास्टरमध्ये गेला आणि टूर ह्यांच्या गळ्यात पडली. मी म्हटलं, "मग मी राहते घरी." हे बॅगेची चेन ओढत म्हणाले, "ये." आणि थोड्या वेळाने, "ओळख दाखवायची नाही."

"म्हणजे मी कोण?"

"पाहुणी."

त्या 'ये'वर मी दिवसभर खूश होते. आमच्याकडे एवढंही भाषणच समजायचं.

बसच्या ड्रायव्हरमामांना तेवढं ठाऊक होतं. ते मला चढताना बघून आरशात गालातल्या गालात हसले, पण तोंडातून ब्र काढला नाही.

पहिल्याच दिवशी नदीत होडीतून मगरी दाखवल्या. काठावर चिखलात सुस्त पडलेल्या मगरी, आणि हे सांगत होते, "ही तोंड उघडून पडलेय ती रागावलेली नाही मंडळी. उकडतंय तिला. तोंडातून उष्णता बाहेर टाकते. आपल्यातले जे तोंड उघडून बसतात त्यांचं कारण वेगळं असतं." पुन्हा हशा. दुर्बीणवाले डॉक्टर, म्हणजे दातांचे डॉक्टर, मगरीचे दात मोजायला होडीतून इतके वाकले की ह्यांनी त्यांना पट्ट्याला धरून मागे ओढलं. सगळे मगरीकडे बघत होते. मी ह्यांच्याकडे बघत होते. हातवारे काय, भुवया काय, मध्येच आवाज खाली आणून सगळ्यांना कान टवकारायला लावणं काय! मला एक वाक्य म्हणायचे. "मॅडम, सांभाळून उतरा." लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मला 'उतरा' असा मान मिळत होता.

खोलीत माझ्या जोडीला एक निवृत्त हेडबाई होत्या. उंच, काटकुळ्या, चष्म्यावरून बघायची सवय. शाळा सुटली तरी शाळा अंगातून जात नाही, तशातल्या. बसमध्ये कोण कोणाशेजारी बसलंय यावर त्यांचं बारीक लक्ष असे. तिसऱ्या दिवशी त्यांचं लक्ष माझ्यावर गेलं आणि त्याला कारणही तसंच घडलं.

त्या सकाळी जंगलातल्या पायवाटेवर ह्यांचा शर्ट काट्याला अडकला आणि खिसा एका बाजूने उसवून लोंबायला लागला. तेवढ्यात समोर पाणवठ्यावर हत्तींचा कळप आला. मोठ्या हत्तिणी, मधे एक पिल्लू. ते सोंड पाण्यात घालायचं, नाकात पाणी जायचं, शिंकायचं आणि आईच्या पोटाखाली पळायचं. माणसं श्वास रोखून बघत होती, डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आणि मला, देवाशपथ सांगते, त्या खिशाखेरीज काही दिसत नव्हतं. लोंबता खिसा माझ्याच्याने बघवत नाही. परक्याचासुद्धा बघवत नाही, आणि हा तर मीच शिवलेला शर्ट.

दुपारी लॉजच्या व्हरांड्यात मी ह्यांना गाठलं. "अहो, शर्ट काढून द्या."

"मॅडम, लोक बघतायत."

"बघू देत. द्या म्हणते ना."

अहो हा शब्द फार सोयीचा. नवऱ्यालाही चालतो आणि परक्यालाही. पण 'द्या म्हणते ना' हे ज्या सुरात निघालं, तो सूर परक्यासाठी नव्हता. व्हरांड्याच्या टोकाला हेडबाई वर्तमानपत्र वाचत होत्या. वर्तमानपत्र जरा खाली झालं.

मी खोलीत बसून खिसा शिवत होते तेव्हा त्या आत आल्या. माझ्या मांडीवरचा शर्ट त्यांनी पाहिला. चष्म्यावरून पाहिला, चष्म्यातून पाहिला.

"हा त्या गाईडचा ना?"

"हो. फाटला होता बिचाऱ्याचा."

"तुम्ही होडीतही मगरी सोडून त्यांच्याकडेच बघत होतात."

"ते माहिती सांगतात ना. म्हणून."

"हत्तींच्या वेळी ते काही सांगत नव्हते," हेडबाई म्हणाल्या. "गप्प उभे होते. तरी बघत होतात." मग माझ्याजवळ पलंगावर बसल्या आणि आवाज मऊ करून म्हणाल्या, "हे बघा, एकटं वाटतं, कळतं मला. पण टूरवरची माणसं टूरपुरती असतात. चार गोड शब्द बोलतात, ते सगळ्यांनाच बोलतात."

मी दोरा दातांनी तोडला आणि मान खाली घातली. हसू लपवायला घातली होती. पण ते शेवटचं वाक्य मात्र लागलं. सगळ्यांनाच बोलतात. सगळ्यांनाच, खरं होतं ते. एकटी मीच सुटले होते.

दुसऱ्या दिवसापासून हेडबाईंनी मला वाचवायचं मनावर घेतलं. नाश्त्याला माझ्या आणि ह्यांच्या मधे, चालताना मधे, जीपमध्येही मधे. त्यांच्या शाळेतल्या मुली कशा वाढल्या असतील याची मला चांगली कल्पना आली.

त्याच दिवशी धनेश पाहिला. लॉजपासून जरा आत एक प्रचंड झाड होतं. त्याच्या खोडात, उंचावर, एक ढोली आणि ढोलीचं तोंड चिखलाने लिंपून टाकलेलं. मधे एक अरुंद फट. आम्ही खाली दबा धरून उभे राहिलो. थोड्या वेळाने पंखांचा मोठा आवाज करत नर आला. भलीमोठी पिवळी चोच, तिच्यावर आणखी एक चोच ठेवल्यासारखा उंचवटा. त्याने त्या फटीत चोच घातली आणि आतून दुसऱ्या चोचीचं टोक बाहेर आलं. त्याने घशातून एकेक फळ काढून तिला भरवलं. किती नीट भरवत होता! एकसुद्धा खाली पडलं नाही.

"मादी आत आहे," हे अगदी हळू आवाजात म्हणाले. "अंडी घालायच्या वेळी ती ढोलीत जाते आणि आतून दार लिंपून घेते. तेवढी फट ठेवते. मग काही महिने ती आणि पिल्लं आतच. नर दिवसभर रान पालथं घालतो, फळं गोळा करतो, आणतो, भरवतो, परत जातो. तो आला नाही तर आतल्यांचं काही खरं नाही. म्हणून मंडळी, ज्या बायकांना वाटतं की आपला नवरा नुसता बाहेर हिंडतो, त्यांनी..."

इथे हशा यायचा होता, आणि आलाही. बायका आपापल्या नवऱ्यांना कोपराने ढोसत होत्या. डॉक्टर म्हणाले, "वा! असा पाहिजे नवरा!"

आणि मी बोलून गेले. ठरवलं नव्हतं. आपोआप तोंडातून निघालं.

"गाईड, एक विचारू? तो फळं घेऊन येतो ते दिसलं. पण आल्यावर तिच्याशी बोलतो का? दिवसभर रानात काय बघितलं, ते तिला सांगतो का?"

लोक पुन्हा हसले. प्रश्न मजेशीरच होता. मग सगळे उत्तरासाठी ह्यांच्याकडे वळले, कारण ह्यांच्याजवळ प्रत्येक प्रश्नावर तयार उत्तर असे. ह्यांनी टोपी काढली, परत घातली. वर ढोलीकडे पाहिलं. नर केव्हाच उडून गेला होता.

"तेवढी माहिती नाही," हे म्हणाले. आणि वळून चालायला लागले.

संध्याकाळपर्यंत माईक मुका होता. ड्रायव्हरमामांनी आरशातून मला दोनदा पाहिलं. मला चुटपुट लागली. माणूस कामावर असताना, चार लोकांत, असं विचारायला नको होतं. पण घरी विचारलं असतं तर 'बघू' आलं असतं, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बहुतेक सगळे नाश्त्याला गेले असताना मी खोलीबाहेरच्या पायरीवर बूट चढवत होते. हे आले. इकडेतिकडे पाहिलं आणि खालच्या पायरीवर, माझ्याकडे पाठ करून बसले.

"तू काल विचारलंस ना," हे म्हणाले.

"विसरा ते. चुकलं माझं."

"नाही. थांब." समोरच्या झाडावर माकडं एकमेकांची डोकी बघत होती. "मी बोलतो ते सगळं पाठ आहे. कुठल्या वळणावर काय म्हणायचं, हशा कुठे येतो, कुठे थांबायचं. सगळं. घोरणारे काका प्रत्येक टूरमध्ये असतात. ते संपलं की माझ्याजवळ काही राहत नाही गं. घरी येतो, तू दुकानातलं सांगतेस, रोज नवीन. त्याच्यापुढे मी हे पाठ केलेलं काय सांगू? लाज वाटते. तू हसली असतीस."

"अहो, हसायचंच असतं ना ते?" मी म्हटलं. "सगळी बस हसते. मी हसले असते तर काय बिघडलं असतं?"

ह्यांनी मागे वळून पाहिलं. हे त्यांच्या खरंच डोक्यात आलं नव्हतं. एवढा हुशार माणूस, पण हे डोक्यात आलं नव्हतं.

"आणि पाठ असेना का," मी म्हटलं. "मी कुठे ऐकलं होतं? मला सगळं नवंच होतं."

तेवढ्यात दार उघडलं आणि हेडबाई बाहेर आल्या. एका पायरीवर मी, एका पायरीवर गाईड, माझ्या डोळ्यांत पाणी. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. हे घाईघाईने उठून "गुड मॉर्निंग मॅडम" म्हणत सटकले.

"आता मात्र हद्द झाली," हेडबाई म्हणाल्या. "मी आज ऑफिसला फोन करणार. त्यांच्या घरी बायको असेल, याचा तरी विचार करा!"

"आहे," मी म्हटलं. "चांगलं ओळखते मी तिला. दुकान आहे तिचं शिवणाचं."

हेडबाईंना कळायला थोडा वेळ लागला. मग त्या मटकन खाली बसल्या आणि जे हसत सुटल्या ते थांबेचनात. चष्मा काढून पुसायचा, घालायचा, की पुन्हा हसू. "आणि मी... मधे बसत होते..." एवढंच त्यांना बोलता येत होतं. मी त्यांना नियम सांगितला, कोणाला सांगू नका म्हणून विनवलं. त्या दिवसापासून त्या कधी मधे बसल्या नाहीत. उलट बसमध्ये डॉक्टरांना 'मला ऊन लागतं' म्हणून पुढच्या सीटवरून उठवलं आणि मला दटावून तिथे बसवलं. शाळेत मुलींना पहिल्या बाकावर आणतात तसं. मी मात्र जेवणानंतर गुपचूप माझ्या चौथ्या रांगेत परत गेले. तिथून ह्यांचा चेहरा सरळ दिसायचा.

मुखवट्यांच्या गावी एका ओसरीवर एक बाई नाचणाऱ्यांचे झगे शिवत बसली होती. मशीन माझ्यासारखंच, पायाचं. तिची टीप सारखी सुटत होती. भाषा येत नव्हती, पण बॉबिन उलटी बसलेय हे सांगायला भाषा कशाला लागते? मी ती काढून नीट बसवली, तिने पाय मारून पाहिला, टीप सरळ आली आणि तिने टाळी वाजवली. मग तिने मला झग्याच्या झालरीला चुण्या घालायची तिची पद्धत दाखवली. दोन बोटांत अशी झरझर घडी की मी बघतच राहिले. मला ती लगेच जमली नाही. ती हसली, मीही हसले, परत करून पाहिलं. मान वर केली तर हे मंडळींना मुखवट्यांसमोर सोडून ओसरीपाशी उभे होते आणि माझ्या हातांकडे बघत होते. माझ्या दुकानात हे कधी पाच मिनिटं बसले नव्हते. दुकान उघडं असतं तेव्हा हे कुठल्यातरी जंगलात असतात.

"मॅडमना येतं वाटतं हे," हे म्हणाले. मागे हेडबाई उभ्या होत्या. त्यांनी तोंडावर रुमाल धरला.

ऊन उतरल्यावर त्याच अंगणात ढोल सुरू झाले. नाचणारे आले, ते झगे घालून, आणि मग पाहुण्यांना ओढायला लागले. डॉक्टर नाचले, घोरणारे काका तर असे नाचले की त्यांची बायको तोंड लपवून बसली. गाईडने प्रत्येक पाहुण्याला हात धरून रिंगणात न्यायचं, हे ह्यांचं कामच. हेडबाईंना नेलं, काकूंना नेलं. मग माझ्यासमोर हात पुढे केला. "या मॅडम."

पाय काही जमले नाहीत, दोघांचेही. लग्नातसुद्धा आम्ही नाचलो नव्हतो. रिंगण फिरत होतं, ढोल छातीत वाजत होते, आणि ह्यांनी माझा हात नियमापेक्षा जरा जास्त घट्ट धरला होता. मला इतका आनंद झाला होता की मी मोठमोठ्याने हसत होते आणि ते ढोलांमुळे कोणाला ऐकू जात नव्हतं.

परतीच्या दिवशी शहरात शिरल्यावर एकेक जण ठिकठिकाणी उतरत गेला. हेडबाई उतरताना माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "ऑफिसला पत्र लिहिणार आहे. गाईड उत्तम आहे म्हणून." शेवटी बसमध्ये ड्रायव्हरमामा, हे आणि मी, एवढेच राहिलो. बस उभी करायची जागा आमच्या घराच्या पलीकडेच आहे. मामांनी विचारलं, "सोडू ना घरापर्यंत?" हे हो म्हणाले. मी चौथ्या रांगेतच बसून होते. आता हे येऊन शेजारी बसतील असं वाटलं होतं. पण ह्यांनी माईक काढला, फुंकर मारून पाहिली आणि ड्रायव्हरशेजारी उभे राहिले.

"मंडळी," हे म्हणाले.

मामा हसले. मीही हसले. रिकाम्या बसमध्ये तो आवाज फार मोठा वाटला.

"आता आपल्या डाव्या हाताला शाळा दिसेल. निळं फाटक. इथे... इथे आमची मुलगी शिकली. पहिल्या दिवशी ती फाटकाला धरून खूप रडली होती, असं ऐकलंय. गाईड तेव्हा टूरवर होता."

ह्यांचा आवाज अडखळत होता. इथलं काही पाठ नव्हतं.

"उजव्या हाताला दवाखाना. वरच्या मजल्यावरची ती खिडकी. माझी आई शेवटचे दिवस तिथे होती. तिच्या उशाशी कोण बसलं होतं ते मला माहीत आहे. त्या बसणारीचे त्याबद्दल कधी... कोणी आभार मानले नाहीत. गाईड तेव्हाही टूरवर होता. शेवटच्या दिवशी पोचला."

मामांनी बस अगदी हळू केली. मागून कोणीतरी हॉर्न मारला, तरी ते हळूच चालवत राहिले.

"हे दुकान. बोर्डावरचं अक्षर जरा पुसट झालंय, ते गाईड रंगवणार आहे, असं तो बरीच वर्षं म्हणतो. इथल्या बाई शहरातल्या सगळ्या लोकांना त्यांच्या कपड्यांत बसवतात. बॉबिन उलटी असली तर त्यांना लांबून कळतं. गाईडने हे परवा पाहिलं."

मी हसले. जिथे हशा यायला हवा होता तिथेच हसले की नाही, कोण जाणे. डोळे भरून आले होते म्हणून बोर्ड नीट दिसला नाही.

बस आमच्या दारात थांबली. हे माईक धरून खिडकीतून घराकडे बघत उभे राहिले. जिना, जिन्यावरच्या कुंड्या, वरच्या दाराला मुलीने लहानपणी चिकटवलेला, अर्धा निघालेला तारा.

"ह्या ठिकाणाची," हे म्हणाले, आणि थांबले. "ह्या ठिकाणाची माहिती मला फारशी नाही मंडळी. ती मॅडमच सांगतील."

आणि वायर ताणत ताणत चौथ्या रांगेपर्यंत येऊन त्यांनी माईक माझ्या हातात दिला.

"मामा, इंजिन बंद करू नका एवढ्यात," मी म्हटलं. माझा आवाज बसभर घुमला आणि मीच दचकले. हे समोरच्या रांगेत, पाहुण्यांच्या सीटवर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि माझ्याकडे वळून ऐकायला लागले.

"त्या जिन्यापासून सुरू करू," मी म्हणाले.